वाचकांचे प्रश्न : आपलाच पट्टा, वेगळी हवा

सातारा-सांगलीकडून केनिया, फिलिपिन्स, कोस्टा रिका अशा देशांत शिकायला निघालेल्या मुलांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे आहेच : ‘आपण काय थंड देशातले आहोत का?’ नाही, हे खरेच. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, सांगली सतराच्या जरा खाली आणि सातारा साडेसतराच्या जरा वर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी अंगणातल्या खांबाची सावली दोन्हीकडे नाहीशी होते. म्हणजे मुले उष्ण कटिबंधातून उष्ण कटिबंधातच चालली आहेत. चुका होतात त्या यामुळेच. युरोपातला विद्यार्थी निघण्याआधी सगळे विचारून घेतो, आपल्याला वाटते हे आपल्याला ठाऊक आहे. ठाऊक असलेले निम्मे उपयोगी पडते, उरलेल्या निम्म्याविषयी खालची उत्तरे.

प्रश्न (कराड) : आमच्या कृषी महाविद्यालयाचे तिसऱ्या वर्षाचे बारा विद्यार्थी जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा आठवड्यांसाठी केनियात जातील. निम्मा काळ नैरोबीत, निम्मा व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमू भागात. तयारी कधी सुरू करावी? लसींचा क्रम काय ठेवावा?

उत्तर : डिसेंबरात सुरू करा. कारण हिपॅटायटिस बी. तिचे तीन डोस पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असतात. आज वीस-एकवीस वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना ती लहानपणी मिळालेली नसते, कारण आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती देशभर उशिरा आली. घरात लसीकरणाचे जुने कार्ड सापडत असेल तर पहा. सापडले नाही तर प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून ठरवा.

जानेवारी-फेब्रुवारीत पासपोर्ट हातात घेऊन पाहायचे. परतीच्या तारखेनंतर सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पाने हवीत. नूतनीकरण करायचे असेल तर ते पीतज्वराच्या लसीआधी, कारण त्या लसीच्या पिवळ्या दाखल्यावर पासपोर्टचा क्रमांक लिहितात. आधी लस आणि मग नवा पासपोर्ट असा उलटा क्रम झाला, तर विमानतळावर जुन्या पासपोर्टची प्रत दाखवत बसावे लागते.

पीतज्वराची लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, म्हणजे आपल्याकडून पुणे किंवा मुंबई गाठणे आले. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी एकदा मिसळली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रे आठवड्यातले ठरावीक दिवसच ठेवतात. बारा जणांची वेळ एकत्र घ्या. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. जुन्या दाखल्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो चालतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे यांपैकी काही असेल तर ते केंद्रात आधीच सांगा. ही जिवंत लस आहे. गोवर-रुबेलाची किंवा कांजिण्यांची लस बाकी असेल तर दोन्हींत चार आठवडे ठेवा, म्हणून पीतज्वर मार्चमध्ये उरकलेला बरा.

दाखल्याची खरी परीक्षा जाताना नव्हे, येताना होते. केनिया भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत दाखल्याशिवाय मुंबईत उतरणाऱ्याला विलगीकरणात ठेवतात, आणि ते सहा दिवसांपर्यंत चालते. दाखला चेक-इन बॅगेत टाकणारा विद्यार्थी दर गटात एक तरी असतोच. तो हातातल्या पिशवीत, पासपोर्टलाच लावलेला हवा.

एप्रिलमध्ये विषमज्वराची कॉन्जुगेट लस, दहा वर्षांत घेतली नसेल तर धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर आणि हिपॅटायटिस ए. ‘आमच्या मुलांना लहानपणीच कावीळ होऊन जाते’ हा समज मागच्या पिढीपुरता ठीक होता. आरओचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांचे तसे नाही. शेतावर, गोठ्यात काम आहे म्हणून कुत्र्याच्या चाव्याआधीची रेबीजची लसही घ्या : पहिल्या दिवशी आणि त्यानंतर सात दिवसांनी एकेक डोस. नंतर कुत्रे चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्या दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी असे दोनच डोस पुरतात. महागडे इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, आणि किसुमूच्या आतल्या खेड्यात वेळेवर मिळणार नाही ते नेमके तेच.

प्रवेशाच्या कागदांचे थोडक्यात : केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ई-टीए हा ऑनलाइन प्रवास-परवाना आणला आहे, पण शिकण्यासाठी राहायचे तर विद्यार्थी-पास लागतो. यजमान विद्यापीठाकडून तो लेखी विचारून घ्या. आणि विमा घेताना ‘वैद्यकीय कारणासाठी हलवण्याचा खर्च’ हे कलम आहे की नाही एवढे तरी स्वतः वाचा.

कपड्यांची यादी करताना नकाशा पुढ्यात ठेवा. नैरोबी साधारण १,८०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वराहूनही चारशे मीटर उंच. आणि जून-जुलै तिथला ढगाळ, गार काळ. रात्री पारा दहा-बाराला टेकतो. ‘आफ्रिका’ म्हणून बॅगेत नुसते सुती टी-शर्ट भरलेली मुले पहिल्याच आठवड्यात स्वेटर विकत घेतात.

प्रश्न (तासगाव) : माझा मुलगा त्याच गटात आहे. डासांतच तो लहानाचा मोठा झालाय. मलेरियाच्या गोळ्या शंभर दिवस घ्यायला सांगितल्या आहेत. एवढ्या गोळ्या पोटात घालायची खरेच गरज आहे का? ओडोमॉस आणि मच्छरदाणी पुरणार नाही का?

उत्तर : ताई, डास चावून मलेरियाची प्रतिकारशक्ती येत नाही. ती येते मलेरिया पुन्हापुन्हा, वर्षानुवर्षे होऊन. तीही अर्धवट असते आणि त्या भागातून बाहेर पडले की ओसरते. किसुमूत जन्मलेला माणूस काही वर्षे परदेशात राहून गावी परतला तरी त्याला गोळ्या सुचवतात. तासगावात वाढलेल्या मुलाला मलेरिया बहुधा कधी झालेलाच नसतो. म्हणजे व्हिक्टोरियाच्या काठावर तो आणि लंडनचा विद्यार्थी सारखेच.

दुसरे, रोगाचे नाव एक असले तरी जंतू वेगळा. आपल्या भागात जो थोडाफार मलेरिया सापडतो त्यात व्हायव्हॅक्सचा वाटा मोठा. थंडी-ताप येतो, माणूस गळून जातो, पण जिवावर बेतणे विरळा. पूर्व आफ्रिकेत जवळजवळ सगळा फाल्सिपेरम. पहिल्या तापानंतर दोन-तीन दिवसांत तो मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो. गडचिरोलीकडे काम केलेल्या डॉक्टरांना विचारा, ते हेच सांगतील. नैरोबी शहरात उंचीमुळे धोका अगदी कमी आहे. किसुमू ११०० मीटरच्या आसपास आणि पाण्याकाठी, तिथे तो बारमाही.

आता गोळ्यांचा हिशेब. मुलाला दिलेली गोळी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम असणार. जाण्याआधी दोन दिवस, तिथले सत्तर दिवस आणि परतल्यावर अठ्ठावीस दिवस, असे शंभर. परतल्यानंतरचे अठ्ठावीस का? ही गोळी यकृतात दडलेल्या जंतूवर नीट चालत नाही, रक्तात उतरलेल्या जंतूवर चालते. शेवटच्या रात्री डास चावला असेल तर ते जंतू यकृतातून नंतर बाहेर पडतात आणि त्या वेळी रक्तात औषध असावे लागते. मुंबईत उतरलो, झाले, म्हणून गोळ्या थांबवणे हीच सगळ्यांत जास्त होणारी चूक. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातल्या जंतूवरही चालते, म्हणून ती परतल्यावर सातच दिवस घ्यायची. एकूण एकोणऐंशी गोळ्या, पण महाग, आणि तुपातेलाच्या जेवणाबरोबरच घ्यावी लागते, नाहीतर अंगी लागत नाही. आठवड्याला एकच घ्यायची मेफ्लोक्विन सोयीची वाटते. पण झोप उडणे, भलतीसलती स्वप्ने, मन बेचैन होणे असे त्रास तिने होऊ शकतात. नैराश्य, घबराट किंवा फिट्स यांचा इतिहास असलेल्याला ती नकोच. हे मुलाने डॉक्टरांना एकट्याने सांगायचे असेल तर आईवडिलांनी बाहेर बसावे.

डॉक्सिसायक्लिन घेण्याची एक रीत आहे. जेवणानंतर, भरलेला ग्लास पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. झोपण्याआधी घोटभर पाण्याबरोबर गिळलेली कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसते आणि तिथे जखम करते. दुसऱ्या दिवशी घास गिळताना छातीत कळ येते आणि मुलाला वाटते ॲसिडिटी झाली. दूध, दही, लोहाची गोळी, अँटासिड यांच्याबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी. गटातल्या मुलींना खाजेचा, अंगावर पांढरे जाण्याचा त्रास होऊ शकतो. त्यावरचे औषध इथूनच लिहून घ्यावे.

ओडोमॉसचे आणि मच्छरदाणीचे म्हणाल तर तीही हवीतच, गोळ्यांऐवजी मात्र नव्हे. मलेरियाचा डास दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो. मलम घामाने जाते, ते पुन्हा लावावे लागते, आणि सनस्क्रीन लावायचे असेल तर आधी सनस्क्रीन, त्यावर मलम. मच्छरदाणी कीटकनाशक लावलेली घ्यावी, कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. झोपेत कोपर जाळीला टेकले तर डास बाहेरून चावतो, म्हणून एकट्याच्या खाटेलाही दोघांची मच्छरदाणी बरी.

प्रश्न (वाई) : नातीसाठी चिवडा, अनारसे, मेतकूट, लोणचे असे करून द्यायचे आहे. केनियात चालते ना?

उत्तर : आजी, खाऊ चालेल, पिशवी चालणार नाही. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. कायद्यात दंड लाखो शिलिंगांचा आहे, तुरुंगही आहे. विमानतळावर बहुधा पिशवी काढून घेतात, पण उघडा चिवडा हातात धरून उभे राहणे कशाला! स्टीलचे डबे किंवा शिवलेल्या कापडी पिशव्या वापराव्यात. कारखान्यात बंद केलेली पाकिटे चालतात. लोणचे हातातल्या पिशवीत नको, ते चेक-इन सामानात. मेतकुटासारख्या पुडींवर नाव लिहावे, बिननावाची पिवळी पूड कुठल्याही कस्टम अधिकाऱ्याला संशयास्पदच वाटते.

अनारशांचे मात्र विमान कुठून आहे ते पाहून ठरवा. दुबईमार्गे असेल तर खसखस अजिबात नको, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. सिंगापूरचेही तसेच. अनारसे करायचेच तर तीळ लावून करा.

प्रश्न (दहिवडी) : मी भातशेतीच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी फिलिपिन्समध्ये लोस बान्योस इथे जातोय. आमच्या माण तालुक्यात एप्रिलला चाळीसच्या वर पारा असतो. तिथे तर एकतीस-बत्तीसच दिसतो. तरी तिथून आलेले म्हणतात, उकाड्याने जीव नकोसा होतो. हे कसे?

उत्तर : घरीच करून पाहा. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन साधे काचेचे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर जुन्या मलमलीचा एकच पदर गुंडाळा आणि त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही पंख्यासमोर धरा आणि दहा मिनिटांनी वाचा. दहिवडीत एप्रिलच्या दुपारी कोरडा चाळीस दाखवेल आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल तर ओला तेवीसच्या आसपास थांबेल. पाणी उडताना उष्णता नेते, म्हणून सतरा अंशांचा फरक. आता बत्तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता धरा. तिथे ओला तापमापक एकोणतीसला थांबतो. फरक तीनच अंश. घामाचे अंगही तो ओला तापमापकच. माणात घाम आल्याचे कळतही नाही, तो उडून जातो आणि कातडीवर मीठ राहते. भाताच्या खाचरात तो नुसता ओघळतो, गार काही करत नाही. सकाळी पाहायचा आकडा म्हणूनच पाऱ्याचा नव्हे, आर्द्रतेचा.

सवय होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि ती कामानेच होते. एसीच्या खोलीत बसून होत नाही. पहिल्या दिवशी खाचरातले काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाइतकेच ठेवा आणि रोज तेवढेच वाढवत जा. तुम्ही मेमध्येच निघणार असाल तर दहिवडीतल्या उन्हाची थोडी सवय कामी येईल. मात्र सवय झाल्यावर दोन-तीन आठवडे एसीत काढले तर ती बरीचशी जाते.

पाण्याबरोबर मीठही जाते. तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसणेही वाईट, रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस उष्माघात समजून आणखी पाणी पितो. ओआरएसचे मोठे पाकीट साडेवीस ग्रॅमचे, ते बरोबर एक लिटर पाण्यासाठी. लहान पाकीट २०० मिलिलिटरचे. ते लिटरभर पाण्यात टाकले तर उपयोग नाही, आणि मोठे ग्लासभर पाण्यात टाकले तर अपाय. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी असेल तर कमी पडते आहे. बरोबरीचा कोणी असंबद्ध बोलू लागला तर सावलीत नेऊन आधी अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, गाडीची सोय त्यानंतर. बोलणे बिघडलेल्या माणसाला तोंडाने पाणी पाजू नये.

प्रश्न (सांगली) : मुलगी फिलिपिन्सला मेडिकलला चालली आहे. वादळांचे ऐकून धास्ती वाटते. पूर आम्ही पाहिले आहेत, वादळ नाही. शिवाय तिथे दमटपणाने कातडीचे आजार होतात म्हणून डॉक्टरांनी दिलेली एक ट्यूब बरोबर देतेय. चालेल ना?

उत्तर : आधी तिचे शहर कोणते ते पाहा. दक्षिणेकडे मिंदानाओवर दावाओ आहे, तो सात अंशांवर. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ टायफून क्वचितच येतात. मनिला आणि उत्तरेकडच्या लुझोन बेटावर ते दरवर्षीचे पाहुणे. भूकंपाची तयारी मात्र दोन्हीकडे हवी.

तिथल्या हवामान खात्याचे नाव पगासा. पुरात आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे पाहतो, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, तसे तिथे वाऱ्याचे सिग्नल असतात, एक ते पाच. पण एक मोठा फरक आहे. आयर्विनचा आकडा ‘आत्ता पाणी किती आहे’ ते सांगतो. पगासाचा सिग्नल ‘पुढे वारा किती येणार’ ते सांगतो. एक नंबर म्हणजे छत्तीस तासांत ताशी ३९ ते ६१ किलोमीटर वारा. दोनला चोवीस तासांत ६२ ते ८८. तीनला अठरा तासांत ८९ ते ११७. चारला बारा तासांत ११८ ते १८४, आणि पाच त्याच्याही वर. म्हणून एक नंबर लागला तेव्हा बाहेर लख्ख ऊन असू शकते, आणि नवी मुले नेमकी त्याच दिवशी बेटावर सहलीला निघतात. एक नंबर लागला की फोन, पॉवर बँक चार्ज करायची, प्रत्येकी रोजचे चार लिटर धरून तीन दिवसांचे पाणी भरायचे, रोख पैसे काढून ठेवायचे, पासपोर्ट आणि कॉलेजचे कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. दोनला घराबाहेर पडायचे नाही.

वादळानंतरच्या पाण्याचे तुम्हाला ठाऊक आहे. २०१९ ला आयर्विनपाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, तेव्हा लेप्टोच्या गोळ्या वाटल्याचे आठवत असेल. उंदीर, डुकरांच्या मुतातला जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगेतून शिरतो. मनिलातही हाच धोका, आणि औषध तेच : पाण्यातून जाणे टळतच नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर ‘पाण्यातून गेले होते’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायचे. डेंगी तिथे बारमाही आहे. त्याचा डास दिवसा चावतो, म्हणून नुसती रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही.

आता ती ट्यूब. तिच्यावरची नावे वाचा. शेवटी ‘-सोल’ किंवा ‘-सोन’ असलेले काही दिसले, म्हणजे क्लोबेटासोल, बीटामेथासोन असे काही, तर ती ठेवून द्या. ते स्टिरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण मात्र आतल्या आत पसरते, कडा पुसट होतात आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. नुसते क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिन असलेले मलम द्या. तेही डाग गेल्यावर आणखी एक-दोन आठवडे लावायचे. (‘क्लोट्रिमाझोल’चा शेवटही ऐकायला तसाच वाटतो, पण ती ‘-झोल’वाली बुरशीची औषधे. चिठ्ठी लिहूनच द्या.) तिथे आतले कपडे दोरीवर वाळत नाहीत, ओलसरच राहतात. इस्त्री करून घालावेत, जीन्स इथेच राहू द्यावी, आणि टॉवेल मैत्रिणींत फिरवू नये.

प्रश्न (मिरज) : पुतण्या हरिपूरच्या संगमावर पोहत वाढला. किसुमूला सरोवरात पोहू नका म्हणून यादीत लिहिलेय. सुसरींमुळे का?

उत्तर : सुसरी आणि पाणघोडे आहेतच. पण यादीतले कारण गोगलगायी. काठच्या उथळ, गवताळ पाण्यातल्या गोगलगायींमधून बिलहार्झिया या कृमिरोगाच्या अळ्या सुटतात. केसाहून बारीक असल्याने दिसत नाहीत, आणि धडधाकट कातडीतून काही मिनिटांत आत जातात. जखम लागत नाही, पाणी गिळावे लागत नाही. कृष्णेत हा प्रकार नाही, म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याची कल्पना नसते. (आपल्या राज्यात रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी हे एक गाव या रोगासाठी वैद्यकीय पुस्तकांत आहे, बाकी नाही.) पाण्याचे नमुने घ्यायला उतरावेच लागले तर मांडीपर्यंतचे रबरी बूट. आंघोळीला सरोवराचे पाणी असेल तर ते टाकीत दोन दिवस स्थिर ठेवलेले किंवा तापवलेले. चुकून उतरलाच तर टॉवेलने खसाखसा पुसावे, पण त्यावर विसंबू नये. शेवटच्या संपर्कानंतर तीन महिन्यांनी रक्त, लघवी, शौचाची तपासणी. प्राझिक्वांटेल नावाच्या गोळ्यांनी रोग बरा होतो. लगेच तपासले तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही आणि मुलगा निर्धास्त होतो, म्हणून तारीख लिहून ठेवा.

प्रश्न (शिराळा) : नातू कोस्टा रिकाच्या जंगलात संशोधन केंद्रावर जातोय. साप त्याला ओळखता येतात, आमच्याकडे लहानपणापासून तेच. सर्पदंशाची लस इथूनच दिली तर?

उत्तर : देऊ नका. आपली लस, हाफकिनची असो की दुसरी, चार सापांच्या विषावर बनते : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. यांतला एकही साप कोस्टा रिकात नाही, आणि तिथल्या सापांवर ती चालत नाही. शिवाय ती शिरेतून, रुग्णालयात, रिॲक्शनची तयारी ठेवून द्यायची असते. पाठीवरच्या पिशवीत तिचे काम नाही. तिथे विद्यापीठाची क्लोदोमिरो पिकादो संस्था १९७० पासून त्या देशातल्या सापांची लस बनवते. व्हायपर कुळासाठी एक, कोरल सापासाठी वेगळी. केंद्रावर पोचल्या दिवशी एवढेच विचारायचे की लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तिथे जायला किती वेळ, रात्री गाडी कोण काढतो. मदतीचा नंबर ९११.

सापाची ओळख असणे ही शिराळ्याची जमेची बाजू, आणि धोकाही तोच. फणा काढून, फुत्कारून इशारा देणारा साप पाहायची सवय लागते. तिथला मुख्य साप तेर्सिओपेलो, स्पॅनिशमध्ये मखमल. पाचोळ्याच्या रंगाचा, वाटेच्या कडेला गुपचूप पडून असतो आणि बहुधा काही न बोलता चावतो. म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट दिवसाही, रात्री डोक्याला दिवा आणि हातात आणखी एक बॅटरी. दुसरा, पापणीवर शिंगासारखे खवले असलेला हिरवा किंवा पिवळाधमक छोटा साप, झाडावर हाताच्या उंचीला असतो. चढावर आधारासाठी फांदी धरणारा हात त्याच्या तोंडाशी जातो. धरण्याआधी पाहायचे.

चावलाच तर अंगठी, घड्याळ, दोरे काढा, अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, सुजेची कड पेनाने आखून वेळ लिहा. आवळून बांधणे, कापणे, चोखणे नको. साप पकडून नेण्याची हौस तर मुळीच नको.

प्रश्न (वाळवा) : कोस्टा रिकासाठी इथली दीड हजार वॉटची किटली चालेल?

उत्तर : पिन बदलली तरी पाणी उकळायला चौपट वेळ लागेल. तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. अर्ध्या दाबाला पाव शक्ती, म्हणजे जेमतेम चारशे वॉट. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेले असते, ते चालतात. फिलिपिन्सला २२० व्होल्ट आहे, पण पिना चपट्या. केनियाला व्होल्टेज आपल्यासारखे, पिना तीन चौकोनी.

प्रश्न (पलूस) : केनियात ॲव्होकाडो आणि केळी उत्तम आहेत म्हणतात. मुलगा येताना चार काड्या आणि केळीचे दोन कंद आणू शकेल का? द्राक्षाला जोड पीक शोधतोय.

उत्तर : नाही, दादा. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बी, काडी, कंद काहीही आणायचे तर आधी भारताचा आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. बॅगेतून आले तर जप्त होऊन नष्ट होते. त्या देशाचा स्वतःचा जैवविविधतेचा कायदा आहे तो वेगळाच. संशोधनासाठी वाण हवा असेल तर मार्ग दिल्लीच्या एनबीपीजीआर या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्थेमधून जातो. केळीच्या वाणाची चौकशी तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात करा.

केळीच्या मर रोगाची टीआर-४ ही जात मातीतून पसरते आणि एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षे राहते. आपल्या देशात ती उत्तरेकडे पोचलेली आहे. कंदच लागतो असे नाही, बुटाच्या तळाला चिकटलेले ढेकूळ पुरते. तेव्हा परतण्याआधी बुटांच्या खाचा काडीने कोरून, ब्रशने साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच बॅगेत. शेतातले जुने बूट तिथेच कोणाला देऊन आलेले उत्तम. आणि घरी आल्यावर ‘बघ रे आपली बाग’ म्हणून त्याला त्याच बुटांनी बागेत नेऊ नका.

प्रश्न (कोरेगाव) : पूर्व आफ्रिकेत घड्याळाचा काही घोळ असतो म्हणे?

उत्तर : स्वाहिलीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपल्या सकाळच्या सातला ते ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला, म्हणतात. इंग्रजीत बोलताना नेहमीचेच आकडे. शेतकऱ्याने स्वाहिलीत ‘सा म्बिली’ सांगितले तर आठला पोचायचे, दोनला नव्हे. तिथून भारत अडीच तास पुढे. वडीलधाऱ्यांना भेटताना ‘शिकामो’ म्हणायचे, उत्तर येते ‘माराहाबा’. आपल्या वाकून केलेल्या नमस्काराच्या जवळचे आहे, मुलांना पटकन जमते.

प्रश्न (फलटण) : मुलगी युगांडाहून परतून सहा आठवडे झाले. परवापासून ताप आहे. जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्यात. थांबून पाहावे का?

उत्तर : थांबू नका, आजच मलेरियाची तपासणी करा. गोळ्या नियमाने घेतल्या असतील तरीही. डास चावल्यानंतर फाल्सिपेरम सात दिवसांपासून पुढे तीन महिन्यांपर्यंत कधीही डोके वर काढतो. व्हायव्हॅक्स तर त्याहूनही उशिरा, कारण तो यकृतात झोपून राहतो. त्यासाठी चौदा दिवसांची प्रायमाक्विन द्यावी लागते आणि तिच्याआधी जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी. रक्ताची काच आणि रॅपिड चाचणी दोन्ही करायला सांगा. पहिली निगेटिव्ह आली तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, अशा तीन. दवाखान्यात ‘ताप आहे’ म्हणून रांगेत बसू नका. एका कागदावर लिहून काउंटरवरच द्या : कुठल्या देशात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणती गोळी, किती चुकल्या, तलावात उतरली का, कुत्रे-माकड चावले का.

दवाखान्यात तपासणीची सोय नसेल तर सातारा किंवा बारामती गाठा. रात्र झाली म्हणून सकाळची वाट पाहू नका.